महाल, रस्ता आणि जंगल

मी कला-इतिहास आणि नाट्यशास्त्र एकाच वेळी शिकलो, ही गोष्ट मी नव्या ओळखीच्या माणसाला पाचव्या मिनिटाला सांगतो. त्याने काही विचारलंच नाही, तर तिसऱ्या. २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला सगळ्यांनाच मुभा देऊन टाकली आणि माझं वेगळेपण एका परिपत्रकात संपवलं. आमच्या वेळी सकाळी कला-इतिहासाचं एम. ए. आणि संध्याकाळी नाट्यशास्त्राची पदविका असा घाट घालावा लागे. त्याचा फायदा असा, की दोन्हीकडे आपण दुसरीकडचे आहोत असं भासवता येई. कला-इतिहासाच्या मुलींसमोर मी पोटातून आवाज काढून बोलायचो. नाटकवाल्यांत तालमीच्या मधेच चष्मा पुसत "हे जरा बरोक वाटतंय" म्हणायचो. दोन्हीकडे माझ्याबद्दल आदर होता, कारण दोन्हीकडे मला तपासून पाहील असं कुणी नव्हतं.

अपवाद काकांचा. काका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहीत.

"चित्रं काढतोस?"

"नाही काका. चित्रांचा इतिहास."

"बरं. नाटकात काम करतोस?"

"सध्या प्रॉम्प्टिंग."

"म्हणजे चित्र दुसऱ्याने काढायचं, काम तिसऱ्याने करायचं आणि फी तुझ्या बापाने भरायची."

असल्या माणसापुढे थेट ऋषीच उभा करावा लागतो. मी मार्कंडेयांना बोलावलं. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र नावाचा राजा मार्कंडेयांना विचारतो, की देवाची मूर्ती कशी घडवावी? ऋषी म्हणतात, आधी चित्रकला यायला हवी. मग ती शिकवा. त्याला नृत्य यायला हवं. मग ते शिकवा. त्याला वाद्य समजायला हवं. आणि वाद्य समजायला गाणं. "पाहा काका," मी म्हटलं, "आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीपासून कला अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत." काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "राजाला मूर्ती मिळाली का शेवटी?" मला माहीत नव्हतं. हीच गोष्ट मी दोन्हीकडच्या प्रवेश मुलाखतींत सांगितली होती, पण तिथे कुणी राजाची चौकशी केली नव्हती.

तरीही सांगतो, ऋषींचं खरं आहे. वेरूळला १६ क्रमांकाच्या लेण्यात, कैलास मंदिराच्या दक्षिण अंगाला, रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. आमच्या सहलीतले कला-इतिहासवाले त्यापुढे वही उघडून आठवं शतक, राष्ट्रकूट, कृष्णराज पहिला असं लिहीत होते. मी वही न उघडता मुद्दाम जरा लांब उभा होतो, कारण लांब उभं राहणाऱ्याला जास्त समजतं असा माझा अनुभव आहे. पण खरोखरच तिथून नाटक दिसत होतं. खाली रावण वीस हातांनी राबतोय, प्रत्येक स्नायू शेवटच्या रांगेपर्यंत दिसावा अशा बेताने. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली. तिच्या मागे एक दासी चक्क पळ काढतेय. आणि शंकर? शंकर काहीच करत नाही. पायाचा अंगठा दाबतो. एवढ्या मोठ्या नटाने एवढा कमी अभिनय केलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि ती पळणारी दासी कुणी सुचवली असेल? पुराणात तिला वाक्य नाही, नाव नाही. पण ती विंगेकडे धावते म्हणून डोंगर हलल्याचं आपल्याला पटतं. नाट्यशास्त्राच्या वर्गात याला ब्लॉकिंग म्हणतात, कला-इतिहासात रचना, आणि दोन्हीकडे परीक्षेला दहा गुणांचा प्रश्न येतो. तो एकाच प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही, एवढंच.

या शोधाने मी इतका फुगलो, की सहलीतल्या सगळ्यांना तो करून दाखवला. रावण झालो. दोन पर्यटकांनी फोटो काढले. आमच्या एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "तू नेहमी रावणच का होतोस? अंगठा दाबून दाखव ना." तेवढं मला अजून जमलेलं नाही.

माझं दैवत अर्थातच द. ग. गोडसे. एकाच माणसाने नाटकांचं नेपथ्य करावं, वेशभूषा करावी, पुस्तकांची मुखपृष्ठं काढावीत, सौंदर्यविचार मांडावा आणि शिवाय मस्तानीचा इतिहास खणत बसावं, हे पाहून माझा जीव दडपत असे आणि लगेच आशाही वाटत असे. त्यांचं 'पोत' मी काखेत मारून हिंडायचो, नाव लोकांना वाचता येईल अशी बाजू बाहेर ठेवून. वाचलं बरंच नंतर. वाचल्यावर काखेत मारणं बंद केलं, लाज वाटायला लागली.

भरतमुनींशीही माझं असंच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग आहे. शृंगार श्याम, रौद्र तांबडा, करुण पारव्याच्या रंगाचा, अद्भुत पिवळा, हास्य पांढरं. चित्र आणि नाटक जोडणारा हा पक्का पुरावा हाती लागल्यावर मी एका विनोदी एकांकिकेची प्रकाशयोजना शास्त्रोक्त केली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शुभ्र पांढरा उजेड. तो प्रेक्षागृहातही सांडला, आणि उजेडात कुणी आधी हसायला धजेना. दिग्दर्शकाने नंतर मला भरतमुनींबद्दल जे सांगितलं ते कुठल्याच अध्यायात नाही.

आता खरं म्हणजे अभ्यासक्रमाकडे वळायला हवं. पण मधे पडदे येतात, आणि पडद्यांचा विषय निघाला की मला आवरत नाही. ओळखीची माणसं इथे पाणी प्यायला उठतात. तुम्हीही उठलात तर माझी हरकत नाही.

विष्णुदास भाव्यांच्या नाटकांचं, म्हणजे १८४३च्या 'सीता स्वयंवरा'पासून पुढचं, साध्या पडद्यावर भागत असे. मग मुंबईच्या पारशी कंपन्यांनी रंगवलेल्या पडद्यांची चटक लावली. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पुढे संगीत नाटकाबरोबर पडद्यांचीही चंगळ झाली. महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. या तिघांत कंपनीचं विश्व आटपे. रुक्मिणी असो, वसंतसेना असो की सिंधू, ती या तीनपैकी कुठेतरी असणारच.

आणि इथे माझ्यातला सकाळचा विद्यार्थी उठून बसतो. इटलीच्या सेबास्तियानो सर्लिओने १५४५मध्ये यथार्थदर्शनावर पुस्तक छापलं. त्यात रंगमंचाची तीन दृश्यं आहेत. शोकांतिकेसाठी राजवाड्यांचा भव्य चौक, सुखांतिकेसाठी साध्या घरांचा रस्ता, आणि वनदेवतांच्या खेळासाठी झाडी. महाल, रस्ता, जंगल! इटलीतून लंडनची थिएटरं, लंडनहून मुंबईची, तिथून पारशी कंपन्या आणि मग आमचं सांगली-कोल्हापूर. व्हिचेंझाच्या तेआत्रो ओलिंपिकोत १५८५मध्ये 'इडिपस'च्या प्रयोगासाठी लाकूड आणि गिलाव्याचे रस्ते उभारले होते, ते आजही तिथे आहेत. पुढे मोठे, मागे लहान होत गेलेले. अशा रस्त्यांची दोन दुखणी. एक म्हणजे ते नीट दिसतात नेमक्या एकाच जागेवरून, आणि दरबारी नाटकात त्या जागेवर राजा बसतो. बाकीच्यांनी रस्ता वाकडा बघायचा आणि सरळ असल्याचं म्हणायचं. दुसरं, नट चार पावलं आत गेला की तिमजली वाड्याच्या गच्चीला त्याचं डोकं लागतं. आपल्याकडे पडदा सपाट, म्हणून ही अडचण टळली आणि नवी आली. नट पडद्याच्या जवळ गेला की त्याची सावली थेट आभाळावर पडायची.

पण हे पडदे रंगवणारे कोण होते? कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघे आतेमामेभाऊ. 'ललितकलादर्श'साठी रंगवणारे पु. श्री. काळे. आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' आणला. त्या कंपनीत शिकलेल्यांनी 'प्रभात' उभी केली. म्हणजे मराठी सिनेमाचं मूळ शोधत गेलं तर ते एका मोठ्या कापडावर ओल्या रंगात सापडतं. एखाद्या प्रदर्शनातलं चित्र पाहायला मूठभर माणसं जात. पडद्यावरचं चित्र रोज रात्री तिकीट काढून भरलेलं थिएटर पाही, आणि मग ते गुंडाळून रेल्वेने पुढच्या गावाला जाई. महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाने एवढं मोठं, एवढ्या जवळून पाहिलेलं चित्र बहुधा हेच होतं.

यावर मी प्रबंध लिहायचं ठरवलं. इतका जुळलेला विषय! कला-इतिहासात सांगितलं गेलं, की ही नाटकाची सामग्री झाली, चित्र नव्हे. चित्राला संग्रह क्रमांक असतो. नाट्यशास्त्रात सांगितलं गेलं, की नाटक म्हणजे संहिता आणि नट. मागचं कापड तिकडे न्या. मी तिकडून इकडे आणि इकडून तिकडे अर्ज नेत राहिलो. शेवटी माझ्या आराखड्यावर तांबड्या शाईने एकच शेरा आला: विषयांतर.

त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही, आणि इथे मी विनोद करत नाही. कारण दोन्ही विभागांत माणसं वाईट नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं, की ते काम दुसरीकडे होत असणार. दोन खोल्यांच्या मधल्या जागेत असा कुणाचाच नसलेला ऐवज पडून राहतो आणि कुजतो. घडीवर रंग तडकतो, उंदीर कडा कुरतडतात. कोल्हापूरचं १९१५चं पॅलेस थिएटर, पुढे ज्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं, ते ऑगस्ट २०२४मध्ये जळालं. इमारत परत बांधता येते, तिचे नकाशे असतात. पडद्याचा नकाशा कुणी काढून ठेवलेला नसतो.

माझी मोठी आत्या लहानपणी एका नाटकाला गेली होती. कोणतं नाटक, कुणाची कंपनी, गोष्ट काय, तिला काही आठवत नाही. तिला फक्त मागचं तळं आठवतं. त्यात एक हंस होता. "आणि तो हलत होता रे," असं ती सांगे. मी तिला प्रकाशयोजना, दृष्टिभ्रम, बालमनाची ग्रहणशक्ती असं बरंच समजावलं. तिने ऐकून घेतलं. "तसं असेल," ती म्हणाली, "पण बाजूचं दार उघडं होतं आणि वारा येत होता." कापड हललं, तळं हललं, हंस हलला. सत्तर वर्षं त्या बाईने तो हंस सांभाळला होता, आणि मी तिला टिपा देत होतो.

पुढे हैदराबादला 'सुरभी'चा 'मायाबझार' पाहिला. १८८५मध्ये आजच्या आंध्रातल्या कडप्पा भागात सुरू झालेली ही परंपरा. तेलुगू नाटकं करणारी ही घराणी मूळची मराठी, हे तिथे बसून आठवलं की गंमत वाटते. आमच्याकडे नामशेष झालेले रंगवलेले पडदे त्यांच्याकडे अजून वर जातात, खाली येतात. महाल गेला, जंगल आलं. शेजारच्या गृहस्थाला मी पाचव्या मिनिटाला माझ्या दोन्ही विषयांबद्दल सांगणार होतो. सांगितलं नाही. तो टाळ्या वाजवत होता, त्याला ऐकू आलं नसतं.

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या गावात जुनं नाट्यगृह असेल, कोकणात किंवा गोव्यात देवळाच्या उत्सवाला नाटकं होत असतील, तर एकदा माळ्यावर चढून पाहा. बांबूला गुंडाळलेलं, जड, मातकट कापड दिसलं तर एकट्याने ओढू नका, रंगाच्या पापड्या सुटतात. दोघांनी धरून हळूहळू उलगडा. सगळं एका फोटोत मावणार नाही, तुकड्यातुकड्याने काढा. कोपऱ्यात कुठे सही आहे का पाहा. कुठल्या विभागाला कळवायचं याचा विचार करत बसू नका, आधी फोटो काढा. आणि पुढच्या गणपतीत मांडवाची मागची बाजू झाकायला तो पडदा कुणी मागितला तर देऊ नका. मांडवाला ताडपत्री मिळते.