कोटेशन वाचावे मागून

पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर घ्यायचे म्हणजे आधी ते कोणाकडून घ्यायचे हे ठरवायचे. मग कोटेशने मागवायची. ती तीनच हवीत, कारण दोनवर लेखापरीक्षक हरकत घेतो. उरलेली दोन आणून देण्याचे काम पसंतीची कंपनीच आनंदाने करते, आणि संपूर्ण व्यवहारात खरोखर फुकट मिळणारी सेवा तेवढीच. तिन्ही पत्रांत शुद्धलेखनाची चूक एकाच शब्दात सापडली, तर योगायोग समजून तुलनात्मक तक्ता पूर्ण करावा.

डेमो काजू-कॉफीसह होतो. डेमोतल्या पतसंस्थेला पाच खातेदार असतात, पाचही जण हप्ते वेळेवर भरतात. आपल्या खतावणीत एकाच नावाचे चार कर्जदार, चौघांना जामीनदार एकच, आणि तोही वारलेला. याचे काय, असे विचारले की उत्तर येते, “होऊन जाईल सर.” हे वाक्य इतिवृत्तात लिहून घ्या म्हणणारा संचालक पुढच्या निवडणुकीत पॅनलमध्ये नसतो.

आता किंमत. पहिल्या पानावर ठळक पाच लाख. पण पाच वर्षांचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून आम्हीच मांडतो. 18 टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे 90 हजार. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल, पहिले वर्ष मोफत, पुढे दरसाल वीस टक्के, म्हणजे चार वर्षांचे चार लाख, त्यावर जीएसटी 72 हजार. झाले 10 लाख 62 हजार. यात अजून सर्व्हर नाही, एसएमएसचा खर्च नाही आणि जुनी एकही नोंद संगणकात चढलेली नाही. ते सारे शेवटच्या पानावर ‘वगळलेल्या बाबी’त बारीक अक्षरांत नांदत असते. हे सगळे धरून प्रामाणिकपणे नऊ लाख सांगणारा मूर्ख मात्र एल-टू, म्हणजे स्वस्ताईत दुसरा, ठरून घरी जातो.

थोरामोठ्यांनाही हे जमलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी सुमारे 62 लाख डॉलरांचे काम दिले. 2010 मध्ये यंत्रणा सुरू झाली आणि कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला मिळालाच नाही. एकूण खर्चाचा अंदाज पुढे 120 कोटी डॉलरांवर गेला. इतक्या लांब जायला नको असेल तर 2017 चे मुंबई विद्यापीठ आठवा. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायच्या होत्या आणि कंपनी ठरली ती परीक्षा सुरू झाल्यावर. निकाल रखडले, ऑक्टोबरात कुलगुरूंचे पद गेले. तिथेही डेमो छानच झाला असेल!

तरीही कोणा संचालकाला नसती हौस असेलच, तर त्याने आपल्याच शंभर किचकट खात्यांची फाइल कंपनीला द्यावी आणि डेमो त्यावर मागावा. आणि अगदी शेवटी, काजू संपल्यावर, विचारावे: करार मोडला तर आमचा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत देणार?

कंपनीचा माणूस यावर पाणी मागतो. ते लगेच द्यावे. जीएसटी लावू नये.