केळीला वशिला नाही

मुंबईत रस्त्यासाठी खारफुटी तोडायची, तर २०१८च्या निकालामुळे उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. नांदेड-लातूरला समुद्रच नाही. तिथे रस्ता काढणाऱ्यांची तेवढी कटकट वाचली.

पवनार ते पत्रादेवी, १२ जिल्हे, सुमारे ८०० किलोमीटर असा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, तेव्हा नांदेडमधल्या अर्धापूरची केळी वाटेत आली. इसापूर धरणाच्या पाण्यावर पोसलेला हा बागायती पट्टा. शेतकरी रस्त्यावर उतरले. म्हणजे आधीपासून असलेल्या रस्त्यावर. माहूर, तुळजापूर, कोल्हापूरच्या देवींपर्यंत भाविक आजवर कसे पोहोचत होते, हे मात्र विचारायचे नाही.

याच महामार्गाच्या वाटेवरच्या लातूरचा पाण्याचा अनुभव तर आणखी दांडगा. एप्रिल २०१६मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढच्या दुष्काळात टँकरला सहापदरी वाट मिळेल, टोलसकट.