साडूंची बोट, आमची बैठक

स्पीडबोटीच्या मालकाशी पाच मिनिटं बोलून पाहा. त्यातली साडेचार मिनिटं तो इंजिनाबद्दल बोलतो. हॉर्सपॉवर किती, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, पंखा ॲल्युमिनियमचा की स्टीलचा, तासाला पेट्रोल किती पितं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात तो दुसऱ्यांच्या बोटींना नावं ठेवतो. सीटचा विषय निघतच नाही. वास्तविक इंजिनावर कोणी बसत नाही. पर्यटक पैसे मोजून बसतो तो सीटवर. पण बोटीला सीट असते हे मालकाला पहिल्यांदा कळतं ते एखाद्या गिऱ्हाइकाची नवी पँट तिच्यात अडकून फाटते तेव्हा.

आमच्या साडूंना ते असंच कळलं. साडू मालवणचे, आणि माझी सासुरवाडीही मालवणची. म्हणजे ते गावातले असून गावचे जावई आणि मी मुंबईचा असून गावचा जावई. फरक एवढाच, की मला मासे आयते मिळतात आणि त्यांना ते आणावे लागतात. त्यांची एक स्पीडबोट आहे, गोव्याहून सेकंडहँड आणलेली. घाट जुना अमेरिकन. पुढे चालवणाऱ्याची सीट, मागे पाठीला पाठ लावलेल्या जोडसीटा. त्या ओढल्या की सपाट होतात आणि पडायला जागा होते. अमेरिकेतली माणसं तळ्याच्या मध्यावर बोट थांबवून त्यावर ऊन खात पडतात. तारकर्लीच्या मे महिन्यात त्यावर पडणारा माणूस तितक्याच वेगाने उठतो.

कोकणात मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते आणि पर्यटकांच्या बोटींना ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टी. बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. या दिवसांत मालवणात दोन कामं चालतात. एक बोटींची डागडुजी आणि दुसरं आलेल्या जावयाला खाऊ घालणं. साडूंनी दोन्ही कामं एकत्र करायचं ठरवलं. फोन आला, "साडूभाऊ, पावसात या हो, निवांत. आणि येताना किरकोळ सामान आणा."

किरकोळ सामानात बोटीच्या सीटसाठीच्या खास व्हिनाइलचा एक गुंडाळा होता. हे व्हिनाइल चोपन्न इंची पन्ह्याचं येतं. घडी घातली तर पडलेली मोड जाता जात नाही, म्हणून ते गुंडाळूनच न्यावं लागतं. चोपन्न इंची गुंडाळा आडवा ठेवायला तुतारी एक्स्प्रेसमध्ये जागा नाही आणि उभा धरला तर तो माणूस वाटतो. रात्रभर माझ्या शेजारी तो उभा होता. पनवेलला चढलेल्या एका आजींनी त्याला थोडं सरकायला सांगितलं. कुडाळला उतरलो तेव्हा रिक्षावाल्याने आधी त्याला बसवलं, मग मला.

किरकोळ सामानातल्या दुसऱ्या वस्तूसाठी मी नागदेवी स्ट्रीटला फेऱ्या घातल्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या स्टेपल पिना, त्याही ३१६ ग्रेडच्या. साध्या पिना खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि मग पांढऱ्या सीटवरून तांबडे ओघळ उतरतात. ३०४ ग्रेडचं स्टील स्वयंपाकघरात ठीक आहे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम जास्तीचं असतं आणि ते मिठाशी बऱ्यापैकी झुंजतं. मी हे दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, पिना आहेत. लग्न जमवताय का?"

मालवणात बोटीच्या सीटा शिवणारा असा वेगळा कारागीर नसतो. रिक्षाचे हूड आणि सीट कव्हरं शिवणारे एक मेस्त्री होते, त्यांनाच साडूंनी गाठलं. मेस्त्री आले, छत्री मिटली, सीटभोवती एक फेरी मारली आणि खाली वाकून वास घेतला. पुढचे सगळे निर्णय त्या वासावर झाले.

पहिला वाद गुलाबी डागांवरून. पांढऱ्या सीटवर ठिकठिकाणी गुलाबी धब्बे होते. साडूंचा पक्का संशय कोल्हापूरच्या एका कुटुंबावर होता. त्यांनी बोटीत कोकम सरबताच्या बाटल्या आणल्या होत्या. गेला हंगामभर साडू हे डाग साबणाने, लिंबाने, शेवटी ॲसिडने घासत होते आणि कोल्हापूरबद्दल वाईट बोलत होते. मेस्त्री म्हणाले, "शेटानु, ह्यो डाग कोकमाचो नाय. ह्यो भुतूरसून इलेलो असा. घासून जावचो नाय." ते खरंच आहे. व्हिनाइलच्या पाठीमागचं कापड आणि फोम ओलसर राहिला, की त्यात सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा रंग व्हिनाइलमध्ये आतून मुरत वर येतो. बाहेरून कितीही घासा, तो आतल्या बाजूला सुखरूप असतो. घासण्याने जातो तो व्हिनाइलचा मऊपणा. हे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मूळचं कडक. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी त्यात मऊ करणारी द्रव्यं मिसळायची युक्ती काढली, म्हणून आपल्याला त्यावर बसता येतं. ऊन, ॲसिड आणि रगडणं यांनी ती द्रव्यं निघून जातात. मग सीट पुन्हा मूळ स्वभावावर येते आणि तडकते. कोल्हापूरचं कुटुंब निर्दोष सुटलं. साडूंनी मात्र मत बदललं नाही. डाग कोकमाचा नसेल तर तांबड्या रश्श्याचा असेल, एवढीच सवलत त्यांनी दिली.

मग सीट सोडवायला घेतली. ती एकट्याला उचलेना. "अमेरिकन माल," साडू अभिमानाने म्हणाले, "वजनदार असणारच." मेस्त्रींनी बुडाशी सुरी घातली आणि अमेरिकन मालातून पाणी वाहायला लागलं. ते बराच वेळ वाहत राहिलं. गणित सोपं आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि चार इंच जाड फोमचा तुकडा सुमारे एकवीस लिटर जागा व्यापतो. ३२ डेन्सिटीचा फोम म्हणजे घनमीटरला ३२ किलो, म्हणजे या तुकड्याचं वजन पाऊण किलोसुद्धा भरत नाही. बाकी सगळी जागा रिकामी. त्या जागेत समुद्र येऊन बसतो. पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं आणि ते दमट हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेतं. मालवणच्या जुलैत हवा दमट नसेल असा क्षण नाही. म्हणून अशी सीट वाळत कधीच नाही. साडू गेली काही वर्षं दर फेरीला पाण्याचे हंडेच्या हंडे फुकट फिरवून आणत होते. पेट्रोल जास्त का लागतं म्हणून त्यांनी कार्ब्युरेटर मात्र दोनदा साफ करून घेतला होता.

वरचं निळं कव्हर काढलं तर खाली लाल कव्हर. लाल काढलं तर खाली मूळचं बदामी. आधीच्या मालकांनी जुनं न काढता त्यावरच नवं ठोकलं होतं. मधल्या थरांत केसांच्या पिना, एक बिल्ला, दोन रुपयांची नाणी आणि कुणाचा तरी अर्धा गॉगल निघाला. साडूंच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, नाणी धुऊन देव्हाऱ्यात ठेवली. गॉगल साडूंनी ठेवला. दुसरा अर्धा पुढच्या सीटमध्ये मिळेल अशी त्यांना आशा होती.

सर्वांत खाली प्लायवूड असायला हवं होतं, तिथे काळा चुरा होता. साडूंनी आता हात आखडता न घेता आयएस ७१० मार्काचं मरीन प्लाय आणलं. या प्लायचा डिंक ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. साडू ते प्लाय शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. "बाहत्तर तास!" ते म्हणायचे. शेजारी त्यावर टिचकी मारायचे. तेवढ्यात मेस्त्रींनी ड्रिल घेतलं आणि त्या बाहत्तर तासांच्या प्लायला भोकं पाडायला सुरुवात केली.

साडू किंचाळले. पाणी आत येऊ नये म्हणून एवढा खर्च केला आणि हा माणूस पाण्याला दारं उघडून देतोय! मेस्त्री शांतपणे म्हणाले, "पाणी येतलाच. तेका जावक वाट व्हयी. रिक्षात पाणी वरसून येता. हय वरसून येता, खालसून येता, आनि बाकीचा लोकांच्या चड्डयेतसून येता."

साडूंची योजना वेगळी होती. त्यांना फोम जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेप मारून हवाबंद करायचा होता. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं आणि पुष्कळ ठिकाणी करतातही. पण शिलाई म्हटली की सुईची भोकं आली. बसणाऱ्याच्या वजनाने फोम दबतो, उठला की फुगतो आणि फुगताना त्या भोकांतून हवेबरोबर पाणी ओढतो. प्लास्टिक कुठेतरी फाटतंच. मग आत गेलेल्या पाण्याला परतीची वाट उरत नाही. मेस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात मिटवलं. "प्लास्टिकात गुंडाळल्यात तर पाणी भुतूर ऱ्हवाक येतला. आनि भाडा पण देवचा नाय." साडूंची दोन खोल्यांची चाळ आहे आणि त्यातला एक भाडेकरू भाडं देत नाही. युक्तिवाद जागच्या जागी पटला.

भोकांच्या कडा आणि प्लायच्या चारही बाजू रेझिन लावून बंद केल्या, कारण प्लाय पाणी पितं ते कापलेल्या कडेने. बुडाशी व्हिनाइलऐवजी प्लास्टिकची जाळी ठोकली. फोम दोन थरांचा केला, खाली ४० डेन्सिटीचा टणक, वर ३२ चा. बोट लाटेवरून उडून आपटते तेव्हा नुसता मऊ फोम तळाला जातो आणि पुढचा दणका थेट मणक्याला बसतो. जलद बोटींवर नोकरी करणाऱ्यांसाठी शॉकॲब्सॉर्बर लावलेल्या सीटाही मिळतात. साडूंचा चालक त्याऐवजी गुडघे वाकवून उभा राहतो. ते स्वस्त पडतं.

फोम कापायला साडूंनी स्वयंपाकघरातून आदाळो, म्हणजे विळी, उचलून आणला. मेहुणीने तो परत नेला. आदाळ्याचा वास फोमला लागेल म्हणून नव्हे, फोमचा वास आदाळ्याला लागेल म्हणून. शेवटी हॅक्सॉच्या पात्याने काम भागलं.

शिवणं हा मात्र खरा देखावा होता. व्हिनाइलला टाचणी टोचता येत नाही, कारण पडलेलं भोक कायमचं. म्हणून मेहुणीचे कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे सीटभर लागले आणि घरातले कपडे दोरीवरून उडायला लागले. साध्या मशीनचे दात खालचा थर पुढे ढकलतात, वरचा मात्र दाबपट्टीला चिकटून मागे राहतो आणि दोन्ही कडा जुळत नाहीत. मेस्त्रींनी खिशातून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि पट्टीखाली भुरभुरवला. व्हिनाइल सुतासारखं सरळ गेलं. दिवसभर पडवीत चमेलीचा वास होता. साडूंना टाके बारीक हवे होते, जवळजवळ, म्हणजे मजबूत. मेस्त्रींनी लांब टाके घातले. भोकं फार जवळ आली की व्हिनाइल टपाल तिकिटांच्या पानासारखं त्याच रेषेवर फाटतं. धागा पॉलिएस्टरचा. साडूंनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा सुचवून पाहिला. पण पॉलिएस्टरच्या मानाने नायलॉन उन्हात लवकर कुजतो, आणि जाळं निदान बरंच पाण्यात असतं, सीट दिवसभर उन्हात.

कव्हर चढवताना व्हिनाइल ऊबदार हवं, तर ते ताणलं जातं आणि कोपऱ्यांवर चुण्या पडत नाहीत. जुलैत मालवणात ऊन नव्हतं. मेहुणीचा हेअर ड्रायर आणला तर वीज गेली. वीज आली तेव्हा मेस्त्री जेवायला गेले होते. मेस्त्री आले तेव्हा वीज गेली. ही जुगलबंदी बराच वेळ रंगली. अखेर तिघे दाबायला आणि एक पिना मारायला असं करून कव्हर बसलं. मेस्त्रींनी एक बादली पाणी मधोमध ओतलं आणि सगळे सीटखाली डोकं घालून पाहू लागले. जाळीतून धार लागली. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कौतुकाचं होतं की बिलाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीत आम्ही त्या बोटीतून फिरलो. सीट झकास, दणका कमी, पँट शाबूत. एकच अडचण झाली आहे. पूर्वी पाणी सीटच्या पोटात गुपचूप राहायचं, कोणाला दिसत नव्हतं. आता प्रत्येक लाटेनंतर ते सीटखालून ठिबकतं आणि पर्यटकांच्या पायांशी येतं. मग कोणीतरी "बोट गळतेय!" म्हणून ओरडतं, बाकीचे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतात आणि चालकाला इंजिन मंद करून भर समुद्रात सीटच्या रचनेवर व्याख्यान द्यावं लागतं. साडूंनी सीटवर पाटी लावायचं ठरवलं होतं. पाटी ठोकायला खिळे लागतील हे ऐकून मेस्त्रींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बेत रद्द झाला.

तेव्हा ती पाटी इथेच लावतो. मालवणला याल तर स्पीडबोटीत जरूर बसा. ओल्या कपड्यांनी बसलात तरी चालेल. मागच्या खिशातल्या किल्ल्या आधी काढून ठेवा आणि सेल्फीसाठी सीटवर उभे राहू नका. सीटखालून पाणी ठिबकताना दिसलं तर घाबरू नका, सीट चांगली शिवलेली आहे. आणि कोकम सरबत हवं तेवढं प्या.