झाडाला पाणी कोण घालणार?

आमच्या बागेत चालायच्या वाटेलगत एक लोखंडी पिंजरा उभा आहे. त्यावर पत्र्याची पाटी. पाटीवर एका आजींचे नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि खाली, आजींच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, ज्यांच्या हस्ते वृक्षारोपण झाले त्यांचे नाव. पिंजऱ्यात झाड नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी तिथे बकुळीचे रोप लागले, तेव्हा मी हजर होते. आजी रोज पहाटे या बागेत यायच्या, म्हणून घरच्यांनी ही जागा मागून घेतली होती. रोप गुडघ्याएवढे, हार त्याच्याहून लांब. मार्चमध्ये पाने गळाली, एप्रिलमध्ये काडी उरली, मेमध्ये काडीही गेली. नातू बागेच्या कचेरीत गेला तेव्हा त्याला सांगितले, ‘आमच्याकडे या झाडाची नोंदच नाही.’ नोंद नाही म्हणून पाणी नाही. मी माळ्याला बोल लावणार नाही. एवढी बाग एकट्याने शिंपणाऱ्या माणसाला कुणी सांगितलेच नव्हते की हे रोप कुणाचे तरी माणूस आहे.

आता पुतळ्याकडे पाहा. सार्वजनिक जागेत पुतळा बसवायचा तर राज्य शासनाचा २ मे २०१७चा निर्णय आडवा येतो, आणि तो यायलाच हवा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पोलिसांचा अभिप्राय लागतो, मातीचा नमुना कला संचालनालयाला दाखवावा लागतो, देखभाल कोण करणार हे आधी लिहून द्यावे लागते. त्याच्याही आधी, १८ जानेवारी २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले होते की रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नका. एवढे नियम असूनही मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. आपण मंजूर केला तो सहा फुटांचा नमुना होता, असे कला संचालनालयाने नंतर सांगितले. महाराजांच्या बाबतीत हे घडावे, याची लाज वाटते. नियम कागदावर होता. नमुन्यापासून चौथऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर चालणारा माणूस नव्हता.

तरीही पुतळ्याला निदान फाइल आहे. पुतळा पडला तेव्हा गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, विधिमंडळापर्यंत आवाज पोचला. पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७मध्ये रात्रीतून उखडून मुठेत टाकला, तेव्हाही सारा महाराष्ट्र बोलला. स्मृतिवृक्ष मेला तर पंचनामा सोडाच, साधी चौकशी होत नाही.

आणि गंमत नव्हे, खेदाची बाब ही की झाड सांभाळायचे कसे, हे आपल्या कायद्याला उत्तम ठाऊक आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५चा. २०२१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. झाड तोडायची परवानगी घेणाऱ्याने त्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, रोपे सहा ते आठ फुटांची हवीत, त्यांचे ठिकाण नकाशावर नोंदवायचे आणि सात वर्षे ती जगवायची, असे बंधन आले. सात वर्षे! झाड तोडणाऱ्यावर जे बंधन आहे, ते आईच्या नावाने झाड लावू देणाऱ्या बागेवर का नसावे?

माझे मागणे एवढेच आहे. पालिकेच्या प्रत्येक बागेत स्मृतिवृक्षांची वही ठेवा. त्यात झाडाची जात, जागा, लावल्याची तारीख, घरच्यांचा फोन, पाणी घालणाऱ्याचे नाव. जात ठरवायचा अधिकार उद्यान अधीक्षकाला द्या, कारण वीस फुटांच्या तुकड्यात कुणी वड लावतो, आणि दहा वर्षांनी कुंपणाची भिंत फुटली की शिक्षा वडाला होते. बकुळ, बहावा, ताम्हण ही आपल्या बागांत शोभणारी झाडे आहेत. ताम्हण तर आपले राज्यफूल. गुडघ्याएवढे रोप नको, पुरुषभर उंचीचे लावा. आणि पाटी जमिनीत रोवा. झाडाला खिळा ठोकून लावलेले नाव ही त्या माणसाची आठवण नव्हे, झाडाची जखम आहे. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’च्या तरुणांनी हातात पकड घेऊन झाडांतले खिळे उपसायची मोहीम काढली, ती पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बुंध्याला गच्च आवळणारा सिमेंटचा पारही नको. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितले; आपल्या बागांत पेव्हर ब्लॉक आजही खोडाला भिडलेले असतात. ज्यांच्या हस्ते रोप लागले त्यांचे नाव मात्र पाटीवर नकोच. ते वहीत लिहा.

हे जमत नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याने खेड तालुक्यातल्या रानमळा गावाकडे पाहावे. तिथे मूल जन्मले की झाड, लग्न झाले की झाड, नोकरी लागली की झाड, आणि माणूस गेले की स्मृतिवृक्ष. सासरी गेलेल्या लेकीच्या नावाने लागतात ती ‘माहेरची झाडी’. झाड ज्या घरचे, ते जगवायचे त्याच घराने. पुढे राज्य शासनाने हा रानमळा पॅटर्न इतर गावांपुढेही ठेवला. खेड्याला जे साधले ते शहरातल्या उद्यान विभागाला साधू नये, हे मला पटत नाही.

झाडाला स्मारक मानायची रीत आपल्याकडे नवीही नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. तिथे माणसे सावलीत बसतात, पाने वेचतात, मुलांना गोष्ट सांगतात. त्याच सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावरची जुनी झाडे २०२०मध्ये रुंदीकरणासाठी तोडायला घेतली, तेव्हा वर्ध्याचे लोक आडवे आले. आश्रमाच्या आतले झाड वाचते आणि फाटकाबाहेरचे मरते, कारण आतल्या झाडाची कथा लिहून ठेवलेली आहे. नोंद एवढी मोलाची असते.

आजींच्या नातवाने यंदा पुन्हा बकुळ आणली आहे, या वेळी सहा फुटांची. पिंजरा तोच. कचेरीत वही अजून नाही, म्हणून आम्ही सकाळी चालणाऱ्या सात जणांनी वार वाटून घेतले आहेत. तुमच्या बागेतही एखादी रिकामी पाटी असेल. ती कुणाची ते विचारा, कचेरीत लेखी अर्ज देऊन वही मागा, आणि तोवर फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्या आळ्यात एक बादली पाणी ओतत जा.