दाजींचा मृग

मृग लागला की शेतकरी पेरणीच्या मागे लागतो आणि आमचे दाजी प्रोसेसिंगच्या. सात-आठ जूनला सूर्य मृगात शिरतो, आकाश भरून येतं आणि दाजींची दुर्बीण गाडीच्या डिकीतून निघून माळ्यावर जाते. मग चार महिने दाजी आकाशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. खरं सांगायचं तर उरलेले आठ महिनेही फारसे पाहत नाहीत. ते पाहतात लॅपटॉपकडे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त, स्वभावाने गरीब, चहात साखर अर्धा चमचा. पण या जातीचे ते एकटेच नाहीत. आपल्याकडे आकाशाचं वेड जुनं आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईची मंडळी खगोल मंडळाबरोबर रात्र काढायला वांगणीला जात आली आहेत. पूर्वी हे लोक दुर्बिणीला डोळा लावायचे, "आहाहा" म्हणायचे आणि पहाटे पोहे खाऊन घरी यायचे. आता डोळ्याच्या जागी कॅमेरा बसला आहे. "आहाहा" म्हणायचं काम पुढच्या मंगळवारपर्यंत लांबतं, आणि मंगळवारी "श्शी" निघतं.

लग्न ठरलं तेव्हा दाजींना हा नाद नव्हता, नाहीतर आमच्या आईने मुलगी दिली नसती. अमावस्येला उंबरठा ओलांडू नये असं मानणारी ती बाई, आणि जावई नेमका अमावस्या बघून गाव सोडतो. चंद्र नको, म्हणून अमावस्या. शहराचा उजेड नको, म्हणून वेल्ह्याकडचं एका ओळखीच्या शेतकऱ्याचं रान. तिथूनही ईशान्येला पुण्याचा उजेड पिवळट दिसतोच. पुण्याहून इतकं लांब येऊनही पुणं पाठ सोडत नाही, ही तक्रार दाजी दर खेपेला करतात. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, आणि त्या रानात तो बरोबर आंब्याआड जातो. ध्रुवाशी जुळवून घेतल्याशिवाय दुर्बिणीचा आस नीट लागत नाही. एक फांदी छाटता येईल का, असं दाजींनी विचारून पाहिलं. शेतकरी म्हणाला, "साहेब, ताऱ्याला आंबे लागत असतील तर छाटू."

मी एकदा बरोबर गेलो होतो. कॅमेरा लावायच्या आधी हट्टाने दुर्बिणीला डोळा लावला. मृगाच्या बाणाखालचा तो प्रसिद्ध तेजोमेघ दिसला : काचेवर तोंडाची वाफ धरावी तसा एक करडा डाग. मी म्हटलं, "एवढंच?" दाजी म्हणाले, "डेटा येऊ दे." हे वाक्य ते कशालाही म्हणतात. भाजीत मीठ कमी आहे का, याला सुद्धा.

हा डेटा म्हणजे एक-एक मिनिटाचे दोनशे चाळीस फोटो. सगळे एकसारखे, सगळे काळे. पण खरी गंमत पुढे आहे. या लोकांना आधी न काढलेल्या गोष्टींचे फोटो काढावे लागतात आणि ते काढलेल्या फोटोंतून वजा करावे लागतात. सेन्सर तापला की जिथे काही नाही तिथेही लाल-निळे ठिपके उमटतात, म्हणून टोपण लावून, तितकाच वेळ, तितक्याच थंडीत अंधाराचे फोटो घ्यायचे. यांना डार्क म्हणतात. एकदा रानात डार्क घ्यायचे राहिले. वेल्ह्याची पहाटेची थंडी पुण्यात कुठून आणणार? दाजींनी फ्रिज बारा अंशांवर आणला आणि कॅमेरा टोपणासकट लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला. रात्रभर फ्रिजमधून मिनिटामिनिटाला "खटक्" असा आवाज येत होता. ताईने सकाळी मेकॅनिकला फोन लावला. तापमान अगदी तंतोतंत जुळलं, दूध मात्र नासलं.

दुसरा प्रकार फ्लॅटचा. भिंगावरची धूळ आणि फोटोच्या कोपऱ्यांतला काळोख घालवायचा तर कॅमेरा जागचा न हलवता एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो घ्यायला लागतात. त्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं बनियन ताणून बसवतात. हे मी रचून सांगत नाही, जगभर हेच करतात, फार तर टी-शर्ट वापरतात. दाजींच्या घरातलं एकमेव नवं बनियन दुर्बिणीच्या पेटीत असतं. सुरकुती पडली तर ती फोटोत उतरेल म्हणून ते त्याला स्वतः इस्त्री करतात. उभ्या आयुष्यात त्यांनी इस्त्री केलेलं हे एकच वस्त्र. पहाटे बैल सोडायला आलेल्या शेतकऱ्याने बनियन घातलेली दुर्बीण आणि फाटक्या स्वेटरमधले दाजी बघितले आणि चौकशी केली, "तिला थंडी वाजते व्हय?"

मग स्टॅकिंग. सगळे फोटो एकावर एक रचून सरासरी काढायची. जे बहुतेक फोटोंत आहे ते ठेवायचं, एखाद्याच फोटोत आलेलं विमान किंवा उपग्रहाची रेघ टाकून द्यायची. सोसायटीच्या सभेत एकच गृहस्थ ओरडत असतात आणि इतिवृत्तात त्यांचं नाव नसतं, तसं. फोटो वाढतील तशी खरखर कमी होते, पण ती वर्गमुळाच्या हिशोबाने : शंभर फोटोंनी दहापट सुधारणा. दुप्पट चांगलं चित्र हवं तर चौपट वेळ. चार तासांचे सोळा तास करायला हवेत, हे दाजींनी ताईला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद उलटा करून मागे पेट्रोलचा हिशोब मांडला.

एवढं होऊनही चित्र काळंच असतं. प्रकाश त्यात असतो, पण तळाशी बसलेला. त्याला वर काढण्याला ही मंडळी "स्ट्रेच करणं" म्हणतात. मांडा हातावर ताणतात तसं हे काम आहे : कमी ताणला तर जाड, जास्त ताणला तर भोक. मृगातल्या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी, की कडा दिसेपर्यंत ताणावं तर गाभा पांढराफटक पडतो. मग गाभ्यासाठी कमी वेळाचे वेगळे फोटो घेऊन ते मधोमध बेमालूम बसवायचे. दाजी या बेमालूमपणावर गेले आठ महिने अडले आहेत. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. तेराशेहून जास्त वर्षं एकदाही न थांबता तो आला, आणि दाजींच्या हार्डडिस्कवर तिष्ठत बसला.

याच काळात पाहुण्यांनी जपून राहावं. चहा होतो, चिवडा होतो, आणि लॅपटॉप उघडतो. "हे बरं, का हे?" पडद्यावर दोन तेजोमेघ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर काढताना होतं तसं होतं. दोन्ही सारखेच दिसतात, पण सांगायची लाज वाटते. मी अनुभवाने "डावीकडचं" म्हणतो. "का?" या प्रश्नावर मात्र मी अजून तयारी केलेली नाही. दाजींच्या आई शहाऐंशीच्या आहेत. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "जास्वंद छान आली आहे, पण कीड लागलीय का रे?" दाजींनी त्या रात्री अडीचपर्यंत कीड काढली.

सर्वांत वाईट प्रश्न म्हणजे, "हे रंग खरे आहेत का?" तो जेवणाआधी विचारू नये. तापलेल्या हायड्रोजनचा लाल, ६५६ नॅनोमीटरचा, अगदी खरा असतो. अंधुक उजेडात आपल्याच डोळ्याला रंग कळत नाहीत, त्याला तेजोमेघ काय करणार? पण हबलच्या १९९५ सालच्या त्या गाजलेल्या खांबांच्या चित्रात हायड्रोजनला हिरवा रंग दिलेला आहे, तो का, हे सांगेपर्यंत वरण निवतं. शिवाय दाजींचं हिरव्याशी वैर आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार खान्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. त्यामुळे सगळ्या आकाशाला शेवाळ धरतं आणि ते खरवडावं लागतं. इमारतीला पोपटी रंग द्यायचा ठराव आला तेव्हा एकमेव विरोध दाजींचा होता. तो इतिवृत्तात आला नाही.

लालावरचं प्रेम मात्र महागात पडलं. साध्या कॅमेऱ्यातली गाळणी हा हायड्रोजनचा लाल बराचसा अडवते, म्हणून त्यांनी कॅमेरा उघडून ती काढून घेतली. तेजोमेघ उजळले. पण घरात कॅमेरा तोच एक. भाचीच्या मुलीच्या बारशाच्या फोटोंत बाळापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना गोवर आला आहे. "पार्श्वभूमी पाहा किती सपाट आलीय," दाजी म्हणाले.

एक गोष्ट मला फार आवडते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल मेसिए नावाचा गृहस्थ धूमकेतू शोधत असे. धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या फसव्या पुंजक्यांवर वेळ फुकट जाऊ नये म्हणून त्याने त्यांची यादी केली. ती १७७४ मध्ये छापली तेव्हा तीत ४५ नावं होती. मृगातला तेजोमेघ ४२वा, कृत्तिकांचा गुच्छ ४५वा. ज्यांच्यावर वेळ घालवू नये म्हणून त्या बिचाऱ्याने यादी केली, तीच यादी समोर ठेवून दाजी एकेका नावावर वर्ष घालवतात. यादी आता ११० वर गेली आहे. दाजींची दोन झाली; त्यातही कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं त्यांना "अजून जरा" हवं आहे.

गेल्या दिवाळीला ताईने वैतागून लॅपटॉपमधला मृग परस्पर छापून आणला, फ्रेम केला आणि दिवाणखान्यात खिळा ठोकून लावला. सुंदर दिसत होता, खरंच. मी खाली उभा राहून बराच वेळ पाहिला आणि वेल्ह्याचा तो करडा डाग आठवला. दाजींनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात त्यांना पुण्याचा उजेड दिसला. फ्रेम तिसऱ्या दिवशी खाली आली.

त्या खिळ्याला सध्या कालनिर्णय लटकतं. त्यातली पुढची अमावस्या शनिवारी आहे, आणि ताईने माझ्याकडून दोन नवी बनियनं मागवली आहेत. एक दाजींसाठी.