नामधारी चक्रवर्ती

गृहस्थाश्रमी पुरुषाच्या हाती म्हणून जे काही उरले आहे त्याचा प्रामाणिक हिशेब मांडावयास बसले, तर जमेच्या बाजूस मोटारीच्या सुकाणूवाचून दुसरी बाब सहसा आढळत नाही; आणि म्हणूनच इंजिन धाप टाकीत असता, पत्रा गंजत असता व मागचे डावे दार कोणत्याही अटीवर बंद होण्यास राजी नसता, जुन्या मोटारीचा शौकीन पहिली रक्कम खर्ची घालतो ती सुकाणूवरच. तज्ज्ञ मंडळी या उधळपट्टीला नाके मुरडतात. त्यांनी इंजिनाला हात लावून गाडी चालवून दाखवावी.

माझी गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली, आणि १०८९ सीसीच्या अल्प उत्पन्नात तिने आजवर अब्रूने दिवस काढले. तिचे मूळ चाक म्हणजे बारीक अंगकाठीचे, परंतु घेर भला मोठा असलेले एक प्रकरण होते. आत हॉर्नची कडी, वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडेला गेलेले तडे, आणि त्या तड्यांत किती मालकांच्या घामाचे कीट साचले होते याचा तपास न केलेलाच बरा. हा घेर शोभेसाठी नव्हता. चाक फिरविण्यास यंत्राचे साहाय्य नसले की माणसाने तरफेचा आधार घ्यावा आणि तरफ जितकी लांब तितके श्रम कमी, हे आर्किमिडीजने सांगून ठेवले आहे व कुर्ल्याने ते मुकाट्याने मानले होते. सोळा इंची चाक काढून चौदा इंची बसविले, तर तेच वळण घेण्यास एक-सप्तमांश जोर अधिक लागतो; म्हणजे चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या दरम्यान कोठेतरी बसणारी ही वसुली प्रत्येक वळणावर मालकाच्या खांद्यांकडून रोख होते.

तरीही जुन्या बाजारात, एका मोडक्या ग्रामोफोनच्या कर्ण्याशेजारी, ते लाकडी चाक दिसले आणि माझा विवेक बरखास्त झाला. तांबूस लाकडाची कड, तीन चकचकीत आरे, आऱ्यांना भोके. एन्रिको नार्दी नावाच्या इटालियन गृहस्थाने गेल्या शतकाच्या मध्यास ज्या घाटाची सुकाणे करून शर्यतबाजांना वेड लावले, त्याच कुळीतले, निदान त्या कुळीचे नाव सांगणारे. विक्रेत्याने वंशावळ सांगितली नाही, मी मागितली नाही.

अशी चाके थेट दांड्यावर बसत नाहीत. मध्ये ‘बॉस’ नामक मध्यस्थ लागतो, ज्याच्या एका अंगास गाडीच्या दांड्याचे दाते आणि दुसऱ्या अंगास सहा बोल्ट असतात. डिलाइटसाठी तयार बॉस नाना पेठेत मिळेना. अखेर कुर्ल्याच्या भंगारातून, २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून अखेरची पद्मिनी टॅक्सी उतरली त्या सुमारास मोडीत निघालेल्या एका गाडीचे सुकाणू आले. लेथवाल्याने त्याचा मधला गड्डा तेवढा राखून त्यावर जाड तबकडी चढविली आणि सहा भोके पाडली. भोके सुबक होती, परंतु ती त्याच्या दुकानी पडलेल्या ‘मोमो’ कंपनीच्या चाकावरून बेतलेली होती. मोमोच्या बोल्टांचे वर्तुळ ७० मिलिमीटरचे, नार्दीचे ७४. गाडीचा आराखडा इटलीचा, चाकाचे कूळ इटलीचे, नमुन्याचे चाकही इटलीचे, आणि तिघांची सोयरीक अडली चार मिलिमीटरांवर! पुन्हा भोके पडली. आता ती तबकडी उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसते, पण सुदैवाने वर हॉर्नचे बटण येते.

जुने चाक उतरविण्याच्या कामी आमच्या मिस्त्रींची तालीम पाहण्याजोगी होती. प्रथम बॅटरीची तार सोडली, पुढची चाके सरळ केली, मग दांड्यावर आणि गड्ड्यावर मिळून छिन्नीने एक बारीक खूण केली. मोठा नट सैल केला, पण काढला नाही. दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवून पुलर लावला. “साहेब, नट पुरता काढला आणि चाक एकदम सुटलं, तर पहिले दात जातात,” एवढे बोलून त्यांनी स्वतःचा, एका दाताची उणीव असलेला, जबडा मला आदराने दाखविला. हातोडा मात्र त्यांनी कोणास उचलू दिला नाही; दांड्यावरचा घाव खालच्या पेटीतील बेअरिंगवर जातो, असे त्यांचे म्हणणे.

त्या पेटीविषयी लिहावे तितके थोडे. अशा जुन्या गाडीत चाक फिरविणे हा हुकूम नव्हे, ती दरखास्त असते. ती वरून निघते, पेटीतील ‘वर्म’ नामक किड्याच्या दफ्तरी दाखल होते, तेथून टाय रॉडांच्या टेबलांवर फिरते, आणि प्रत्येक झिजलेल्या सांध्यावर तिचा थोडाथोडा अंश गहाळ होऊन उरलेला मजकूर यथावकाश टायरांपर्यंत पोहोचतो. नवे चाक आल्याने वरचा साहेब बदलला. खालचा कारकूनवर्ग तोच! शिवाय चाक एक दाता चुकून बसले की आरे तिरपे. दांड्याला छत्तीस दाते धरले तरी एका दात्याची तफावत दहा अंशांची होते. ती टाय रॉड फिरवून झाकता येते, असे कोणीही सांगेल. परंतु पेटीची पकड मध्यावर सर्वांत घट्ट ठेवलेली असते, आणि आरे सरळ दिसावेत म्हणून तो मध्य सोडला, तर गाडी सरळ रस्त्यावरही विचारात पडल्यासारखी चालते. मिस्त्रींनी गड्डा पुन्हा उपसला.

सनातनी मंडळींचा आक्षेप निराळाच. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील व मूळ रूपात राखलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद व निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो. सबब तुम्ही वारसा भ्रष्ट केलात, असे एका स्नेह्याने मला सुनावले. मूळ चाक मी जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे, हे सांगूनही त्यांचे समाधान झाले नाही. सौभाग्यवतींचे मत त्याहून त्रोटक होते. पहिल्या फेरीत, गाडी लावताना माझा चेहरा लाल झालेला पाहून त्या म्हणाल्या, “अहो, आधीचं चाक फिरत होतं ना?”

राहता राहिला हॉर्न. बॉसमधील हॉर्नचा ब्रश किंचित तिरपा असल्याने डावीकडे पुरते वळले की हॉर्न आपण होऊन वाजतो, आणि आमच्या गल्लीतून बाहेर पडावयाचे तर डावीकडेच वळावे लागते. मिस्त्री म्हणतात, ब्रश जरासा घासला की काम फत्ते. परंतु कोपऱ्यावरच्या गॅलरीत बसणाऱ्या सेवानिवृत्त मामलेदारसाहेबांचा असा समज झाला आहे, की मी नित्य नेमाने त्यांना रामराम घालून जातो; तेही उठून हात वर करतात. सोसायटीच्या आवारात गाडी झाकण्यासाठी शेड घालण्याच्या माझ्या अर्जावर त्यांचे मत निर्णायक ठरणार असल्याने, सर्वसाधारण सभा होईतो ब्रशाचे काम तहकूब ठेवले आहे.