हत्ती कुठे आहे?

जंगलात फोटो काढणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाकडे सहाशे मिलिमीटरची, जिला सगळे तोफ म्हणतात ती लेन्स असते आणि तिच्यातून वाघाच्या मिशा मोजायच्या असतात. दुसऱ्या पंथात आमचे अप्पा एकटेच आहेत.

अप्पा मोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवरची भांडणं ऐकत हद्दी कायम केल्या आणि निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेऊन हत्तींच्या मागे लागले. नुसतं डोकं, सोंड आणि सुळे असलेल्या फोटोला ते ‘आधार कार्ड’ म्हणतात. त्यांना हवा असतो हत्तीचा सातबारा. नदी कुठल्या अंगाला, गवत किती, मागे कोणता डोंगर, वर आभाळ कसलं, हे सगळं त्यात नोंदलेलं हवं. खातेदार कोपऱ्यात बारीक अक्षरात असला तरी चालतो.

त्यांचं तीर्थक्षेत्र म्हणजे कॉर्बेटमधलं ढिकाला. रामगंगेवर कालागढला धरण आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं आणि सालाच्या जंगलातून हत्तींचे कळप त्या गवतावर उतरतात. १५ जूनला ढिकाला पावसाळ्यासाठी बंद होतं, त्यामुळे अप्पांचा हंगाम आंब्याइतकाच. त्या हंगामात त्यांच्या जिप्सीत जागा मिळणं सोपं असतं, कारण एकदा बसलेला माणूस सहसा परत बसत नाही.

सकाळची वेळ. कुठूनतरी सांबर ओरडतं. ड्रायव्हर ताठ होतो, “सर, सांभर की कॉल है!” आजूबाजूच्या सगळ्या जिप्स्या वाघाच्या आशेने धूळ उडवत त्या दिशेला पळतात. आमची जागच्या जागी. “जाऊ दे सगळ्यांना,” अप्पा समाधानाने म्हणतात, “धूळ बसली की आपली फ्रेम मोकळी.” मागच्या सीटवर फक्त वाघासाठी डोंबिवलीहून आलेला एक मुलगा असतो. त्याचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

समोर हत्ती उभे आहेत, ऊन तिरपं आहे, पाणी चमकतंय. आणखी काय हवं? पण अप्पा कॅमेरा डोळ्याला लावून नुसतेच बसलेले. का? तर दोन हत्तिणी एकमेकींच्या आड आल्यात. “हा आठ पायांचा एकच हत्ती दिसतो रे. दोघींच्या मधून उजेड दिसला पाहिजे.” तो दिसेपर्यंत पिल्लू आईच्या पोटाखाली जातं. ते बाहेर येईपर्यंत पुढची हत्तीण नेमकी फ्रेमच्या कडेकडे तोंड करते. चालणाऱ्या जनावराच्या पुढे मोकळी जागा हवी, हा अप्पांचा कायदा. “ही तर बाहेर चाललीय! हिला गेटपास कुणी दिला?”

सगळ्यात मोठं दुखणं क्षितिजाचं. त्याची रेघ हत्तीच्या पाठीतून आरपार गेलेली अप्पांना खपत नाही. पाठीचा उंचवटा आभाळावर सुटा उमटला पाहिजे. उभं राहून काढलं तर हत्ती गवतात बुडतो, म्हणजे कॅमेरा खाली न्यायला हवा. जिप्सीतून उतरायला सक्त मनाई. मग अप्पा जिप्सीच्या तळाशी बसकण मारतात आणि कॅमेरा दाराच्या पट्टीवर टेकवतात. बाकीच्यांनी पाय सीटवर घेऊन मांडी घालायची. अशा वेळी त्यांचं ढोपर माझ्या बरगडीत असतं आणि ते मलाच विचारतात, “रेघ सरळ आहे ना रे?”

आता गंमत बघा. चोवीसच्या वाइड लेन्समधून सगळं मावतं खरं, पण मागची कांडाची डोंगररांग मावता मावता आटून जाते. एवढा डोंगर, फोटोत बांधाएवढा. मग अप्पा ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावतात, आणखी मागे, आणि पिशवीतून सत्तर-दोनशेची लेन्स काढतात. लांबून अशी लेन्स लावली की हत्ती तेवढाच राहतो आणि मागचा डोंगर मोठा होऊन उभा राहतो. “अप्पा, पण ही वाइड नाही!” डोंबिवलीकर ओरडतो. अप्पा शांतपणे म्हणतात, “लेन्स वाइड नसते बाळ. माणूस वाइड असतो.”

या मागे घेण्यावरून तिथले ड्रायव्हर त्यांना ‘पीछे लो साहब’ म्हणतात. इतर पाहुणे गाडी हत्तीच्या जवळ नेण्यासाठी बक्षिशी देतात, अप्पा लांब नेण्यासाठी देतात. हा भूतदयेचा प्रकार आहे असा माझा बरेच दिवस समज होता. कारण वेगळंच निघालं. गाडी फार जवळ गेली की म्होरकी हत्तीण थबकते, सोंड उचलून वास घेते, पिल्लांना मध्ये घेऊन सगळा कळप एकमेकांना चिकटतो. म्हणजे मधले उजेड बंद! हत्ती निवांत असले तरच सुटे सुटे चरतात. म्हणून अप्पा घुसणाऱ्या जिप्स्यांवर मराठी हिंदीत गरजतात, “भैया, उनको उनका जागा दो!” उद्देश काहीही असो, त्या गवतावर हत्तींचा एवढा अदबशीर शेजारी मी दुसरा पाहिलेला नाही.

अप्पांचं दैवत म्हणजे छायाचित्रकार निक ब्रँट. त्याने आफ्रिकेतले हत्ती टेलिफोटोशिवाय, पेंटॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यावर टिपले. ते बघून अप्पा केनियाला अंबोसेलीला गेले, एका टूरबरोबर. समोर ५,८९५ मीटरचा किलिमांजारो आणि पायथ्याशी दलदलीकडे निघालेले हत्ती, एवढंच मागणं होतं. पण तो डोंगर टांझानियात उभा राहून केनियाला दर्शन देतो, तेही बहुधा पहाटे आणि संध्याकाळी. एरवी ढगात. टूरचा नाश्ता नेमका पहाटेच्या दर्शनाच्या वेळी असे. परतल्यावर अप्पांनी ढगाचे फोटो दाखवले. “याच्या मागे आहे,” ते बोट ठेवून सांगत.

घरी त्यांना कॅमेरा द्यायचं आता बंद झालंय. पुतणीच्या लग्नात त्यांनी काढलेल्या फोटोंत मांडव आला, पंखे आले, वरचे पत्रेसुद्धा आले. नवरानवरी खाली डावीकडे. “जागेसकट लग्न दिसतं,” अप्पा म्हणाले. काकूंनी अल्बम कपाटात टाकला.

यंदा मात्र मनासारखा फोटो मिळाला. नदीकाठाने चाललेला कळप, प्रत्येक पाय सुटा, मागे कांडा आणि वर दोन तृतीयांश वळवाचं आभाळ. अप्पांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं आली. “छान निसर्ग!” “कुठलं रिसॉर्ट?” “हत्ती कुठे आहे?”

चार दिवसांनी तोच फोटो कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपवरून फिरत परत आला. मोकळ्या आभाळात कुणीतरी गुलाबी अक्षरांत ‘सुप्रभात’ लिहिलेलं, खाली एक टपोरा गुलाब. अप्पांना दाखवावं की नाही यावर घरात चर्चा झाली. शेवटी काकूंनी धीर करून फोन पुढे केला. अप्पांनी चष्मा लावला, फोन आडवा धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“अक्षरं जरा डावीकडे हवी होती,” ते म्हणाले, “आणि गुलाब क्षितिजाला चिकटलाय.”